'आत आहे'ची पाटी

आमच्या ऑफिसात लाइट गेली की लिनक्सचा सर्व्हर बंद पडतो. लाइट आल्यावर मशीन उठतं, पण सगळ्यांना फायली वाटून देणारा प्रोग्रॅम काही उठत नाही. सुरू होताना तो 'मी आत आहे' अशी एक पाटी लावतो. अचानक मेला की पाटी तशीच लटकत राहते, आणि नव्याने सुरू होणारा ती वाचून, आत कुणीतरी आहे असं समजून मुकाट माघारी फिरतो.

आज तो प्रोग्रॅम सुरू करणारी स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला दिलेल्या हुकमांची यादी, मी सुधारली. पाटी लावणारा अजून जिवंत आहे का ते बघ, नसेल तर पाटी फेकून दे आणि कामाला लाग. एवढंच.

समोर नवीन लागलेली अनघा स्टुलावर बसून मांडीवर लॅपटॉप सांभाळत होती. शेजारी सावंतांची खुर्ची रिकामी, पाठीवर त्यांचा स्वेटर. सावंत जाऊन वर्ष होत आलं.

"खुर्चीवर बस की."

"नको सर, सावंत सरांची आहे ना ती. सगळे म्हणतात."

माणसं सभ्यपणाने मेलेल्यांना जागा अडवू देतात. यंत्रातला तो सभ्यपणा मी नुकताच काढला होता. उठलो, स्वेटर उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात कोंबला.

"बस आता."

ती बसली, अगदी कडेला.

स्क्रिप्ट मुळात सावंतांनीच लिहिलेली. पहिल्या ओळीत त्यांचं नाव होतं. तेही पुसलं आणि मेन स्विच पाडून पुन्हा चालू केला.

प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात उठला.