आम्ही देऊन टाकलेला डावा कोपरा

आमच्या गावच्या पोरींचा कबड्डीचा संघ आहे, आणि त्या संघावर सगळ्यात जास्त चिडणारी बाई मी आहे. हे मी स्वतःच सांगून टाकते. नाहीतर गावात तुम्ही कुणालाही विचारा, तो हेच सांगेल आणि वर हसेलही.

चिडते, कारण जीव आहे. आमच्या वेळी आम्ही हुतुतू खेळायचो ते परसात, ओढणी कमरेला गुंडाळून, मोठी माणसं रानात गेली की. कुणी येताना दिसलं की लगेच शेण्या थापायला बसायचं. लग्न झालं आणि तेवढंही संपलं. आणि आता आमच्याच लेकीबाळी अर्ध्या चड्डीत, पाठीवर नंबर लावून, अख्ख्या गावासमोर दंड थोपटतात. मग मी घरी कशी बसेन? गुडघे दुखत असले तरी खुर्ची उचलून कुणाला तरी द्यायची आणि त्याच्या मागं मागं मैदानावर जायचं, हा माझा नेम.

पण आमचा संघ दर वर्षी एकाच जागी मार खायचा. पकडायला पोरी चांगल्या, चढाईला कुणी नाही. समोरच्यांच्या अंगणात जायचं, लांबूनच हात फिरवायचा आणि परत यायचं, जसं काही शेजारणीकडं विरजण मागायला गेल्या होत्या. अशानं कुठं जिंकतात का?

आता आमच्याकडच्या स्पर्धेचा एक नियम सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. यात्रेच्या स्पर्धेत पोरगी एकतर बापाच्या गावाकडून खेळते, नाहीतर मामाच्या गावाकडून. दोन्हीकडून नाही. एकदा एका गावाच्या यादीत नाव लागलं की त्या गावानं चिठ्ठी लिहून सोडल्याशिवाय तिला दुसरीकडं जाता येत नाही. त्या चिठ्ठीला सगळे सोडचिठ्ठीच म्हणतात, आणि दर वर्षी कुणीतरी त्यावर तोच तो विनोद करतं. पहिल्या दिवशी मैदानात नारळ फुटला की यादी बंद. मग देव आला तरी नाव बदलत नाही.

तर प्रवरेच्या पलीकडच्या गावात एक पोरगी होती. संगमनेरला कॉलेजात जाणारी, काटकुळी, पण चढाईला गेली की दोघींना शिवूनच परत यायची. आणि तिची आई कोण? आमच्या वेशीजवळच्या घरातली लेक. माझ्या डोळ्यांदेखत तिचं लग्न झालं, हळदीला मी होते. म्हणजे ती चढाईवाली आमची भाची झाली की नाही? मग ती आमच्याकडून का खेळत नाही?

हाच प्रश्न मी गेल्या वर्षी यात्रेच्या आधी महिनाभर रोज सकाळी दूध डेअरीवर विचारला. आमच्या संघाला शिकवतो तोच डेअरीचा सेक्रेटरी आहे. मला काकी म्हणतो, भावकीतलाच आहे. मी किटली पुढं करायची आणि सुरू व्हायचं. मागं रांग खोळंबायची. एकदा मी त्याला म्हणाले, फॅट नंतर काढ, आधी चढाईवाली आण. रांगेतले हसले, तोही हसला. पण मी काही हसले नाही.

शेवटी एक दिवस तो वैतागला.

"काकी, ते काय फुकट देनार हायेत व्हय? बदल्यात कुनीतरी मागतील."

"मागू दे की," मी म्हणाले. "आपल्याकडं पकडनाऱ्या पोरी बाकावर बसून शेंगा खात्यात. त्यातली एक देऊन टाक. हाताची मूठ उघडल्याबिगर त्यात काही पडत न्हाई, बाबा."

चांगली दहा माणसं होती तिथं. सगळ्यांनी ऐकलं. मला वाटलं, काय नेमकं बोलले मी!

आता त्या बाकावर बसणाऱ्या पोरींत माझी नात होती. लेकीची लेक. तिच्या बापाचं गाव म्हणजे तेच, नदीपलीकडचं. तिकडून एसटीचं काही खरं नसतं, म्हणून आठवीपासून ती माझ्याकडं राहते. आता बारावीला आहे. नाव आमच्या यादीत, पण डाव्या कोपऱ्यात तिच्याहून मोठी पोरगी उभी राहायची, म्हणून ही बाकावर. मी कधी तिच्यासाठी शब्द टाकला नाही. घरचीच पोरगी पुढं करते असं कुणी म्हणायला नको. खरं सांगायचं तर मी तिच्याकडं खेळाडू म्हणून बघितलंच नव्हतं. माझं लक्ष सगळं चढाईवालीवर. ही संध्याकाळी गोठ्यात जाऊन वासराचा मागचा पाय धरायचा सराव करायची. वासरू उधळायचं, ही त्याच्या पायाला गुडघ्यावर लोंबकळत जायची, आणि मी ओरडायचे की वासराचा पाय मोडशील, नाहीतर स्वतःचे दात पाडून घेशील.

नारळाला दोन दिवस राहिले असताना सेक्रेटरी घरी आला. मी किटली घासत होते. चेहऱ्यावरूनच कळलं की काम झालंय. चढाईवाली द्यायला पलीकडचे तयार होते, चिठ्ठी लिहून झाली होती. मी म्हणाले, बघ, माझं महिनाभर आधी ऐकलं असतं तर! मग तो म्हणाला, बदल्यात त्यांनी तुमची नात मागितली.

मला आधी वाटलं चेष्टा करतोय. मग तो समजूत घालायला लागला, की बापाचंच गाव आहे तिचं, परकं थोडंच, आणि तशीही ती आपल्याकडं बाकावरच बसते. मी विचारलं, ते लोक तिला कुठं बसवणार?

"बसवनार न्हाई म्हनत्यात. डाव्या कोपऱ्यात उभी करनार."

पलीकडचा शिकवणारा म्हणे एकदा आमच्या पोरींचा सराव बघून गेला होता. आमच्या मोठ्या खेळाडू बघायला आला आणि बघून गेला माझ्या नातीला. म्हणजे बघा, नदी ओलांडून आलेल्या माणसाला एका संध्याकाळी जे दिसलं, ते मला तीन-चार वर्षं भाकरी वाढताना दिसलं नाही.

डेअरीवर माझेच शब्द होते. सेक्रेटरीनं हसून नाही, पण हसल्यासारखंच सांगितलं, की काकी, तुमचंच ऐकलं आमी.

नात कॉलेजातून आली तोवर तिला रस्त्यातच कळलं होतं. दप्तर ठेवलं, तांब्याभर पाणी प्यायली.

"मला कुनी विचारलं न्हाई," ती म्हणाली.

मी तिच्या हातातला तांब्या घेतला.

"देऊन टाका असं तूच म्हनलीस ना, आजी?"

"व्हय," मी म्हणाले. खोटं बोलायचं माझ्यानं झालं नाही. "मीच म्हनले."

तिनं बूट पिशवीत घातले आणि पूल ओलांडून पलीकडं सरावाला गेली. राहायची माझ्याच घरात, जेवायची माझ्याच हातचं, पण दोन दिवस माझ्याशी बोलली ती दोनच शब्द, वाढ आणि बास. वासराशी मात्र बोलायची, मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं.

नारळ फुटला. आणि आमच्या नव्या भाचीनं खरोखर मैदान गाजवलं. ज्या गावांपुढं आमच्या पोरी आधी माना खाली घालायच्या, त्यांच्यावर लोण चढवले तिनं. लोक मला येऊन सांगायचे, काकी, तुमी म्हनत हुता ते खरं झालं. मी मान हलवायचे. एरवी मी चार दिवस तोच विषय पुरवला असता. पण माझं अर्धं लक्ष बाजूच्या मैदानावर असायचं, तिथं पलीकडच्या गावाचा सामना चालू असे.

शेवटच्या सामन्यात कोण समोरासमोर आलं हे काही सांगायला नको.

उन्हं उतरली होती, मैदानावर पाणी मारून नव्यानं चुन्याची फक्की टाकली होती. माझी खुर्ची लिंबाखाली, रेषेला लागून. शेजारच्या बायका विचारायला लागल्या, काकी, आज कुणाकडून? मी म्हणाले, गावाकडून, दुसरं कुणाकडून? आणि मला अगदी मनापासून तसंच वाटत होतं.

सामना एवढा चुरशीचा झाला की शेवटाला दोघांचे गुण सारखे. एकच चढाई उरली आणि ती आमची. आमची भाची कपाळाला माती लावून निघाली. आमच्या बायकांनी आधीच एकमेकींचे हात धरले, कारण ती रिकाम्या हातानं परत येत नाही हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. पलीकडच्या पोरी मागं मागं सरकल्या. डाव्या कोपऱ्यात माझी नात, हात सोडून उभी, आणि बघत होती चढाईवालीच्या पायांकडं. तोंडाकडं नाहीच. हे बघणं मी ओळखलं. गोठ्यातलं होतं ते.

चढाईवालीनं हात टाकला, लागला नाही, आणि परत फिरायला तिनं पाय उचलला. त्याच क्षणाला माझी नात दोन्ही गुडघ्यांवर पडली आणि तिनं घोटा धरला. चढाईवाली काटक. तिनं तिला ओढत नेलं, धूळ उडाली, हात मधल्या रेषेला टेकायला वीतभर राहिला. पण घोटा काही सुटला नाही. बाकीच्या पोरी येऊन पडल्या आणि पंचानं शिट्टी मारली.

मी उभी होते. कधी उठले ते कळलं नाही, गुडघे दुखल्याचंही कळलं नाही. टाळ्या वाजवत होते. माझ्या भोवती आमच्या गावच्या सगळ्या बायका बसलेल्या, एकदम गार, आणि त्यांच्यामधे मी एकटी टाळ्या वाजवणारी.

सेक्रेटरी रेषेपलीकडून आला. बिचाऱ्याचा घसा बसला होता.

"काकी, आपन हरलो."

"म्हाईत हाय मला," मी म्हणाले. "तू पकड बघितली का?"

पलीकडच्यांनी ढाल वाजतगाजत नेली. नात जरा वेळानं घरी आली, पूल ओलांडून एकटीच, त्यांचा पिवळा टी-शर्ट घातलेली, केसांत गुलाल, दोन्ही गुडघे सोललेले. आमच्या आळीतून तशीच आली, आणि खरं सांगते, ओट्यावर बसलेली माणसं तिच्याकडं रागानं नाही बघत होती. एका म्हाताऱ्यानं तर विचारलं, पोरी, घोटा कुठं धरायचा ते कुणी शिकवलं? ती म्हणाली, वासरानं.

मी तिच्या गुडघ्यांना हळद लावली. चांगलीच झोंबली तिला. मग तीच म्हणाली, "मला दिसलीस तू."

"कशी दिसनार न्हाई? एकटीच उभी हुते."

ती हसली. तेवढ्यावर आमचं मिटलं.

यंदा नारळाला आठ दिवस असताना सेक्रेटरी पुन्हा आमच्या दारात. आधी हवापाण्याच्या गोष्टी केल्या, मग मुद्द्यावर आला. नातीला परत आणायचंय, बदल्यात पलीकडचे काय मागतील, तुमी अंदाज सांगा, काकी. मी म्हणाले, मला नको विचारू. ती गोठ्यात आहे, तिला विचार.

ती बाहेर आली, हाताला शेण. त्याचं सगळं नीट ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, काका, डाव्या कोपऱ्यात उभं करणार का? तो डोकं खाजवायला लागला. तिथं आपली मोठी पोरगी आहे, तिला एकदम कसं काढायचं, पण तुझाही विचार करू.

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. आवाज न चढवता, आणि परत गोठ्यात गेली.

सेक्रेटरी माझ्याकडं बघत बसला. मी म्हणाले, चहा गार होईल, बिस्कीट घे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण तो म्हणाला, काकी, तुमाला लई आनंद झालेला दिसतो. मी नाही म्हणाले नाही.

पण संघ शेवटी आपलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी किटली घेऊन डेअरीवर गेले आणि सुरू झाले, की नारळाला सात दिवस उरलेत, पकड ढिली झालीय, कुणाला तरी आणा. आणि आणायला जाण्याआधी एकदा आपल्या बाकावर कोण कोण बसलंय ते डोळे उघडून बघा.

मागून रांगेतला कुणीतरी म्हणाला, काकी, आधी फॅट काढू द्या.