झाकलेल्या डब्याची केस

दसऱ्याच्या आदल्या दिवसाची ती दुपार आजही माझ्या मनातून गेलेली नाही. दक्षिण दिल्लीतील एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. निम्मे शिपाई रामलीलेच्या बंदोबस्तावर होते. ड्यूटी ऑफिसर रोजनामचा भरत असतानाच सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समधून एका शेजारणीचा फोन आला. समोरच्या घरातील मराठी बाई आपल्या चार वर्षांच्या मुलीला हाताला धरून मागच्या गल्लीत गेली आणि एकटीच परतली. मुलगी कुठे, असे विचारले तर तीच उलट सर्वांना विचारत सुटली आहे.

गच्च्या, पाण्याच्या टाक्या, नाला असा सगळा परिसर शोधून झाला. मुलगी मिळाली नाही. बाईला ठाण्यात आणून महिला शिपायासमोर मी तिचा जबाब घेतला. ती भाजी चिरत होती, मैदानात फटाके वाजले आणि त्यानंतर थेट दारात मुलीबद्दल विचारणारी शेजारीण दिसली, एवढेच ती सांगे. आमच्या रिवाजाप्रमाणे मी तीच हकीकत शेवटाकडून सुरुवातीकडे विचारली. खोटे बोलणारा माणूस मधली रिकामी जागा काहीतरी घालून भरतो. ह्या बाईने ती दर वेळी रिकामीच ठेवली.

माझा सहकारी सब-इन्स्पेक्टर हरियाणाचा, कामात तरबेज, पण उतावळा. तो म्हणाला, "जनाब, ये सब ड्रामा है. आधा घंटा मुझे दे दो." त्या अर्ध्या तासाचा अर्थ मला ठाऊक होता.

तेवढ्यात नवरा धापा टाकत आला. तो मंत्रालयात कारकून होता. त्याने एक जाड पाकीट माझ्यापुढे ठेवले.

"साहेब, ती खोटं बोलत नाही. हे वाचा, प्लीज. आधी माझी पोरगी मिळू दे, मग काय हवं ते करा."

तिच्यावर उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने लिहिलेली ती केस स्टडी होती. एकाच देहात आळीपाळीने निरनिराळी व्यक्तिमत्त्वे वावरतात, असा तो विकार. ह्या बाईत आठ वर्षांची एक मुलगीही आहे, मोठा आवाज झाला की ती पुढे येते आणि तिने केलेले बाईला आठवत नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. दारू पिऊन घरी येणाऱ्या बापाच्या भीतीने लपून बसण्यात तिचे बालपण गेले होते.

हे खरे मानावे की नाही, ह्यावर एका लेकराचा जीव अवलंबून होता. कोणताही अहवाल वाचताना मी तीन गोष्टी वेगळ्या काढतो: लिहिणाऱ्याने स्वतः काय पाहिले, काय ऐकले आणि कोणते अनुमान काढले. अनुमाने बाजूला ठेवली. ऐकीव भाग नवऱ्याने सांगितलेला होता, तोही ठेवला. उरले ते डॉक्टरांनी पाहिलेले. एकदा तिने नर्सचे विणकाम लपवले. मग हसत हसत हाताचा डबा करून हलवला आणि सगळ्यांना खाद्यपदार्थांची नावे ओळखायला लावली. डॉक्टर मराठी नव्हते. त्यांनी शेरा मारला होता: असंबद्ध बडबड.

मी त्या ओळीवर थांबलो. हा तर भोंडला होता. नवरात्रात मुली फेर धरतात आणि शेवटी यजमानीण खिरापतीचा झाकलेला डबा हलवून विचारते, आत काय आहे ते ओळखा. सगळ्या हरल्या की डबा तिनेच उघडायचा. माझ्या बहिणींमुळे हे मला पाठ होते. ढोंग करणारा माणूस समोरच्याला कळेल असेच ढोंग करतो. जे तिथे कोणालाच कळणार नव्हते, ते ती कोणासाठी करील?

मी तिला ठाण्यातून घरी नेले. सब-इन्स्पेक्टर जिन्यात पुटपुटत होता, "जनाब, एसीपी साहब पूछेंगे तो मैं क्या बोलूँ?" मी स्वयंपाकघरात फरशीवर बसलो आणि वाट पाहू लागलो. मैदानात रावणाची तयारी चाललीच होती. थोड्या वेळाने तिथे फटाक्यांची एक माळ वाजली.

पुढचे मी प्रत्यक्ष पाहिले आहे, म्हणूनच लिहितो. त्या बाईने डोळे मिटले. उघडले तेव्हा तिच्या खांद्यांतला ताण गेला होता. ती गुडघे पोटाशी घेऊन माझ्यासमोर बसली आणि माझ्या गणवेशाकडे कुतूहलाने पाहू लागली. चेहरा तोच होता, पण त्या चेहऱ्यामागून पाहणारे माणूस वेगळे होते. दारातला सब-इन्स्पेक्टर नकळत एक पाऊल मागे सरला.

मी विचारले, "डब्यात काय आहे गं?"

तिने हाताचा डबा करून हलवला. "ओळखा."

"गच्चीवर आहे?"

"नाही!"

"पलंगाखाली?"

ती खुदकन हसली. "इतकं सोप्पं असतं का?"

मी आणखी दोनदा चुकलो. प्रत्येक श्वास मोलाचा होता, पण घाई केली असती तर खेळ मोडला असता. मग मी दोन्ही हात वर केले. "हरलो बाई. आता डबा तूच उघड."

ती लगेच उठली. खिळ्यावरची एक किल्ली काढून तिने माझे बोट धरले आणि मला मागच्या गल्लीतल्या एका बंद घराकडे नेले. तिथले कुटुंब सुट्टीवर गावी गेले होते आणि रिवाजाप्रमाणे किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवून गेले होते. आमच्या शिपायांनी ते कुलूप ओढून पाहिले होते आणि ते पुढे गेले होते. आत स्वयंपाकाच्या ओट्याखाली, गॅसच्या कपाटात, रजईत गुंडाळलेली मुलगी होती. घामाने चिंब, अर्धवट शुद्धीत, पण जिवंत.

"इथे बाबा येत नाहीत," माझे बोट धरून उभी असलेली ती मला हळूच म्हणाली.

डोळ्यांवर पाणी मारताच लेकरू रडू लागले. त्या रडण्याने बाईचा चेहरा पुन्हा बदलला. तिने मुलीला ओढून छातीशी धरले आणि माझ्याकडे वळून विचारले, "कुठे सापडली हो? कोणी नेलं होतं हिला?"

सब-इन्स्पेक्टरने टोपी काढून हातात घेतली होती.

पुढे त्या डॉक्टरांनी आपल्या केस स्टडीबद्दल माझे मत मागवले. एका देहात किती माणसे राहतात हे प्रमाणित करणे माझ्या अधिकारात नाही, असे मी कळवले. जिचा जबाब मी घेतला तिला मुलगी कुठे आहे हे ठाऊक नव्हते आणि जिने माझे बोट धरले तिला ते ठाऊक होते. दोघीही खरे बोलत होत्या. 'असंबद्ध बडबड' हे शब्द मात्र खोडावेत, अशी विनंती मी केली.

नोकरीत पुष्कळांकडून मी सत्य काढून घेतले. त्या दुपारी मी हरलो असे म्हटले, तेव्हा एका आठ वर्षांच्या मुलीने ते आपणहून माझ्या हाती दिले. स्वतःच्या दारुड्या बापापासून आपल्या लेकीला वाचवायला ती कुठून, किती वर्षे ओलांडून आली होती, ह्याचा विचार करताना आजही माझी मान आपोआप लवते.