बायोस अपडेट केला आणि एक ओळ गेली

मित्रांनो, आज दुकानातलं काम अगदी बरोबर झालं, तरी मन थाऱ्यावर नाही.

कासुर्डीच्या एक मावशी वारलेल्या मुलाचा कॉम्प्युटर घेऊन दौंडला आल्या होत्या. लेकीच्या अभ्यासासाठी नवा प्रोसेसर टाकायचा होता. मदरबोर्ड तो ओळखेना, म्हणून मी त्यातला मूळ प्रोग्राम, म्हणजे बायोस, अपडेट केला. मशीन झटक्यात सुरू झालं.

मावशी स्क्रीनकडं बघतच राहिल्या. “चालू केलं की आधी ‘आई, जेवलीस का?’ असं यायचं. पोरानं टाकलं हुतं. ते कुठं गेलं?”

ती ओळ बायोसमध्येच होती. अपडेटमध्ये पुसली गेली.

“मी रोज तेवढ्यासाठीच चालू करायची,” मावशी म्हणाल्या.

तीच अक्षरं मी परत टाकू शकतो. पण मग विचारणारा मी असेन. सांगा, टाकू का?