पेटी बंद करणं बाकी

माझी ताई अर्धवट कामांची राखणदार आहे. जगभर फुकट वापरली जाणारी, कुणीही हात लावू शकेल अशी एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, प्रत्येक यंत्र चालवायला एक छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लागतो. हौशी लोक तो अर्धामुर्धा लिहून पाठवतात. मी शिवणकाम करते. मला ते कच्च्या टाक्यांवर सोडलेल्या कपड्यांसारखं वाटतं. असे सगळे अर्धवट ड्रायव्हर ताईच्या ताब्यातल्या वेगळ्या कप्प्यात राहतात, काय बाकी आहे त्या नोंदीसकट. कुणी पुरं केलं तर पक्क्या कोडमध्ये जागा, कुणी फिरकलंच नाही तर ताई काढून टाकते. "दया दाखवली की कचरा साठतो," म्हणते.

फक्त एका ड्रायव्हरपुढे तिची मात्रा चालेना. तो भाऊजींचा होता, तिच्या नवऱ्याचा. रेडिओची स्टेशनं पकडणाऱ्या एका छोट्या पेटीसाठी लिहिलेला. बाकी एवढंच होतं: 'संगणक बंद झाला की पेटी बंद करणं. उद्या बघतो.' तो उद्या त्यांना लाभला नाही. जेवता जेवता गेले.

ती पेटी अजून त्यांच्या खोलीत आहे. संगणक बंद केला तरी आपली स्टेशन शोधत राहते. टक्, टक्. जरा थांबून पुन्हा टक्. भाऊजींना विचार करताना बोटांनी टेबल वाजवायची खोड होती, अगदी तसंच. भरदुपारीसुद्धा त्या दारावरून जाताना माझ्या अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू! एकदा वायर उपटायला गेले, तर ताई वसकन अंगावर आली.

मग दूरच्या एका सहकाऱ्याचा निरोप आला. 'हा ड्रायव्हर वर्षानुवर्षं तसाच पडून आहे. नियम सगळ्यांना सारखा. काढूया का?'

"काढला तर त्यांचं काम पुसलं जाईल," ताई म्हणाली. "आणि पुरा केला तर..." तिने खोलीकडे पाहिलं.

मला रागच आला. "अगं, त्यांचा जीव अडकलाय त्यात! तुझाही. लिहून टाक की एकदाचं."

काम जेमतेम चार ओळींचं. तिला अख्खा दिवस लागला. पण स्वतःचं काम स्वतःच पास करायचं नाही, हा तिचाच दंडक. पेटी हाताशी असलेल्या दुसऱ्या कुणीतरी तपासून तसं लिहून द्यावं लागतं. ती पेटी आणखी कुणाकडे असल्याचं ऐकिवात नव्हतं. म्हणजे राहिले मीच.

ताईने पुरा केलेला ड्रायव्हर भाऊजींच्या संगणकावर चढवला. मी त्यांच्या खोलीत जाऊन संगणक बंद केला. पेटीवरचा लाल दिवा विझला.

"आवाज येतोय?" ताईने दारातूनच विचारलं.

"नाही गं."

"नीट ऐक."

मी पेटीला कान लावला. "नाही, ताई."

ती आत आली, भाऊजींच्या खुर्चीत बसली. "लिही मग," म्हणाली.

मी फोनवर लिहिलं: 'तपासलं. पेटी बंद होते.' खाली माझं नाव घातलं; वर भाऊजींचं होतंच. पाठवलं आणि मागे टेबलावर आवाज झाला. टक्, टक्. थांबून पुन्हा टक्.

मी दचकून वळले. ताईची बोटं होती.