हजेरीतला दुसरा नंबर

बोलणं संपलं की ते उजवीकडे मान वळवायचे आणि विचारायचे, “बरोबर ना रे?” उजवीकडे कुणीच नसायचं. जरा थांबून, उत्तर मिळाल्यासारखी मान हलवून ते पुढचा शब्द घ्यायचे.

स्वतःशी बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण ती बोलत सुटतात. हे थांबायचे. ते थांबणंच अंगावर काटा आणायचं.

वसईजवळ वटारला त्यांची केळीची नि पानवेलीची वाडी होती. आसपासच्या गावांतून कुणी मॅट्रिक होऊन मुंबईच्या कॉलेजात निघालं की आधी त्यांच्याकडे जायचं, असा शिरस्ताच पडला होता. कॉलेजातले शब्द ते समजावून सांगायचे. स्वातंत्र्य मिळून तीनेक वर्षं झाली असतील. आमच्या गास गावातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच मुलगी. आई म्हणाली, “जा. पन त्याच्या घरचं पानी पिऊ नको. त्या घरात एकटा मानूस र्‍हातो नि दोन ताटं वाढतो.”

मी गेले ते भर दुपारी. वाडीत वारा नव्हता, केळीचं एक पान हलत नव्हतं. ते ओट्यावर बसले होते, पन्नाशीचे वाटत होते. चाळिशीचेच होते, हे मला मागाहून कळलं. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मी गटागटा प्यायले. तहानच तशी लागली होती.

“बस, बाय,” ते म्हणाले. “शब्द कळला की निम्मी भीती जाते. टर्म म्हणजे काय?”

“सहामाही.”

“नव्हे. सहामाही आपोआप संपते. टर्म भरावी लागते, रोज ओंजळ ओंजळ. चारांतले तीन तास बसलीस तर भरली, नाहीतर सगळं वर्ष पाण्यात. रोल नंबर म्हणजे तुझं तिथलं नाव. घरच्या नावाने कुणी हाक मारणार नाही, तेव्हा नंबर चुकवू नकोस. ट्युटोरियल म्हणजे मास्तर तुझं तोंड ओळखतो तो तास, त्या दिवशी धुतलेलं लुगडं नेस. आणि इंटर म्हणजे मधलं वर्ष. तिथे अडकलेला धड इकडचा राहत नाही, धड तिकडचा.” मग उजवीकडे वळून, “बरोबर ना रे?”

मला हसू आलं, आणि लगेच विरलं.

“आणि प्रॉक्सी?” मी विचारलं. हा शब्द मी चुलतभावाच्या तोंडून ऐकला होता.

त्यांनी तांब्या बाजूला सरकवला. मग त्यांनी जे सांगितलं ते आवाज न चढवता, टर्मचा अर्थ सांगावा तसंच.

ते आणि त्यांचा धाकटा भाऊ एकाच वर्गात होते. यांचा नंबर सत्तेचाळीस, भावाचा अठ्ठेचाळीस. भावाला मुदतीचा ताप आला, तो वटारला परतला. जाताना म्हणाला, “माझी टर्म बुडू देऊ नको.” तेव्हापासून हे दोन्ही नंबरांना ‘येस सर’ म्हणू लागले. स्वतःच्या नंबराला साध्या आवाजात, भावाच्या नंबराला जाडसर आवाज काढून.

“एका मंगळवारी असंच म्हणालो,” ते म्हणाले. “खोलीवर आलो तर गावचा माणूस दारात उभा. भाऊ पहाटेच गेला होता. म्हणजे मी हजर म्हणालो तेव्हा तो…” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “तेरावं करून परत वर्गात गेलो. ऑफिसात कळवलं नव्हतं. तोंडातून शब्दच फुटला नव्हता. सरांनी अठ्ठेचाळीस पुकारला. मी गप्प बसलो. आणि मागच्या बाकावरून आवाज आला, ‘येस सर.’”

“भावाचा?”

“नाही ना, बाय. भावाचा असता तर मी रडलो असतो. तो माझाच होता, मी काढायचो तो जाडसर आवाज. आणि माझे ओठ मिटलेले होते.”

टर्म संपेपर्यंत रोज तो आवाज आला. शेवटी फळ्यावर यादी लागली. भावाची टर्म भरली होती, सुतकाच्या दिवसांतही त्याची हजेरी लागली होती. सुतकात बुडालेल्या तासांमुळे यांची भरली नव्हती. त्यांनी कॉलेज सोडलं आणि वाडी धरली.

“त्याची टर्म मी भरली,” ते म्हणाले, “पण ती संपवायची कशी ते मला ठाऊक नाही.”

पहिल्याच टर्मला मीही तापाने आडवी झाले आणि सहा तास कमी पडले. माफीचा अर्ज इंग्रजीत लिहायचा होता आणि वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. मी पुन्हा वटारला गेले. त्यांनी अर्ज लिहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “मीही येतो.” योगायोगाने माझं कॉलेज तेच होतं. वीस वर्षांत त्यांनी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं.

ऑफिसच्या दाराशी स्टुलावर म्हातारा शिपाई बसला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्याने मान वर केली, कपाळावर हात धरून पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

“अरे, वसईवाले! दोघेही आलात? किती वर्षांनी!”

मला वाटलं, तो माझ्याविषयी बोलतोय. तेवढ्यात त्याने विचारलं, “आणि ही मुलगी कोण तुमची?”

त्यांनी कठडा घट्ट धरला.

आत तरुण कारकून होता. माझे तास त्याने माफ करून दिले. मग यांनी खिशातून दुसरा अर्ज काढला. कारकुनाने तो वाचला.

“काका, वीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर कुठून आणू? वाळवीने खाल्लं असेल.”

“रजिस्टर नको. नुसतं लिहून द्या. तो गेला हे इथे कुणी लिहिलंच नाही.”

कारकून हसणार होता. पण त्याची नजर त्यांच्या हातांकडे गेली. त्यांनी टाक शाईत बुडवून त्याच्यापुढे धरला होता. त्याने कागद ओढला, नंबर अठ्ठेचाळीस लिहिला, खाली ‘नाव कमी केले’ असं लिहून शिक्का मारला. शिक्का उठला आणि माझ्यामागचा रिकामा बाक कुरकुरला, बसलेलं कुणी उठावं तसा. मी वळून पाहिलं नाही.

आम्ही बाहेर आलो. शिपायाने आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या मागे दारात पाहिलं.

“आणि धाकटे कुठे राहिले?”

“तो पुढे गेला,” ते म्हणाले. इतक्या साधेपणाने म्हणाले की शिपायाने मान डोलावली.

त्यानंतर ते जेमतेम चार महिने जगले. केळीच्या बागेत पाणी सोडताना बसले ते उठलेच नाहीत. माझी परीक्षा चालू होती, मला आठवड्याने कळलं. वाडी पुढे कुणा नातलगाने घेतली. नव्या मुलांना शब्द समजावायला आता कुणी नाही, म्हणून कधीकधी ती माझ्याकडे येतात. मी सांगते, पण मला ते तसं जमत नाही.

मला ते आठवतात ते त्या दिवशीचे. फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी आश्चर्याने पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, “बाय, मला भूक लागलीय गो.” समोर खाणावळ होती. दारात मालक उभा होता.

“किती पानं मांडू?” त्याने विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःकडे पाहिलं. आणि पहिल्यांदाच मोजावं तसं सावकाश म्हणाले, “दोन. दोनच.”