विहिरीची पाठवणी

आधीच सांगून ठेवते, मी एम.एस्सी. केमिस्ट्री आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजच्या फाटकातून आत गेलं नव्हतं. मी गेले, फर्स्ट क्लास घेऊन बाहेर आले, आणि याचा मला गर्व आहे. अकोल्याच्या एका खासगी लॅबमध्ये मी पाणी तपासते. कोणाच्या अंगात आलं की मी आधी शुगर तपासायला सांगणारी बाई. या ग्रुपवरचे चकव्याचे, हडळीचे अनुभव वाचून मी आजवर हसत आले, दोन-तीन ठिकाणी खोचक कमेंटही टाकल्यात. आज माझाच अनुभव लिहितेय. हसायचं असेल तर खुशाल हसा... माझी हरकत नाही.

माझं माहेर शेंदूरजनाघाटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. वर जंगल, जंगलातून उतरणारा नाला, आणि नाल्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा. बाबा गेल्यापासून बाग आईच पाहते. काही वर्षांपूर्वी वरच्या अंगाला, जंगलाच्या हद्दीला लागून, एक केंद्र आलं. कारखान्यांमधला रासायनिक गाळ ट्रकनं आणायचा आणि मोठ्या खड्ड्यात पुरायचा, हा धंदा. वाहत्या पाण्याजवळ, जंगलाच्या काठावर असा खड्डा करता येत नाही, असा नियम आहे. पण परवानगी देताना नाला मोजलाच नाही — का, तर तो उन्हाळ्यात कोरडा असतो. मी पण उन्हाळ्यात माहेरी नसते. मग मी आईची मुलगी नाही का?

संत्र्याची बाग ज्यांनी केली त्यांना ताण माहीत आहे. आंबिया बहारासाठी थंडीत झाडांचं पाणी तोडायचं, पानं मलूल होईपर्यंत थांबायचं, आणि मग एकदम भरपूर पाणी द्यायचं. तहानलेलं झाड मिळेल ते पाणी घटाघट पितं आणि फुलांनी लदबदून जातं. त्या वर्षी आईनं ताण तोडला तो विहिरीच्या पाण्यानं. पाणी जरा लालसर होतं, तिला वाटलं गाळ हलला असेल. झाडं प्यायली. फुलं आली, आणि आठवडाभरात सगळी खाली. मग पानं. मग उभी झाडं वाळली. विहिरीचं पाणी तोवर विटेच्या रंगाचं झालं होतं आणि त्याला जळक्या रबराचा वास येत होता.

मी नमुना नेला, तपासला. जे धातू पाण्यात नसायला हवेत ते सगळे होते. रिपोर्ट घेऊन मी केंद्राच्या मॅनेजरकडे गेले — गावंडे साहेब म्हणू, नाव बदललंय. त्यांचा बंगला अमरावतीत, बडनेरा रोडला, दारात मोठी कमान. हिरवळीवर फवारा चालू होता. मला बाहेरच्या पायरीवर बसवलं आणि पाण्याचा ग्लास दिला.

"पिऊन पाहा, ताई. आमच्या बोअरचं आहे. गोड आहे की नाही? पाण्याला नशीब लागतं बरं का."

मी रिपोर्ट पुढे केला. त्यांनी हातही लावला नाही. "तुमच्याकडच्या मातीतच लोह जास्त आहे. उकळून प्या. आणि खेड्यातल्या लोकांना सवय असते हो, काही होत नाही."

मी तो ग्लास भरलेलाच पायरीवर ठेवला आणि निघाले. एसटीत बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत मी एकच गोष्ट मनात घोळवत होते — या माणसाला तेच पाणी पाजायचं. कसं, ते सुचत नव्हतं.

तक्रारी केल्या. उत्तरं आली, ती नाल्यासारखीच — कोरडी. वर केंद्रानं दुसऱ्या खड्ड्यासाठी अर्ज टाकला, आणि पाहणीसाठी समिती येणार असं ठरलं. नमुने घ्यायचं काम आमच्या लॅबकडे आलं. माझं माहेर तिथलं आहे, हे मी लॅबच्या सरांना स्पष्ट सांगितलं. सर म्हणाले, "बरंच आहे की, रस्ता विचारावा लागणार नाही. नमुना समितीसमोर घ्यायचा, तिथंच सील करायचा. तुझ्यावर कोण बोट ठेवणार?"

म्हणून मी आदल्या दिवशी माहेरी गेले. भर दुपार होती, ऊन असं की चप्पल चिकटावी. आई घरात नव्हती. विहिरीवर सापडली — नवं लुगडं, कपाळभर कुंकू, समोर सुपात खण, नारळ, गहू, हळकुंड, हिरव्या बांगड्या.

"काय करून राहिली वं आई?"

"ओटी भरून राहिली. दिसत नाई काय?"

"विहिरीची?"

"मंग काय तुई? तुई तर मागच्याच खेपेले भरली."

मी डोक्याला हात लावला. "आई, उद्या समिती येणार आहे. तू हे कुठलं काढलंस?"

"तुया समितीनं काय केलं आजवर?" आईनं विहिरीच्या काठाला हळद-कुंकू लावलं. "हे विहीर म्या अन् तुया बापानं खांदली. लेकीवानी हाय मले. त्या मानसानं आजारी पाडली तिले. मंग त्याच्याच घरी जाऊन पडन आता. करू दे त्याले तिची सेवा. पत्ता सांग त्याचा."

"विहिरीला पत्ता?"

"तुले अकोल्याले धाडली तवा काय नुसतं 'जाय' म्हटलं होतं? गाव सांगितलं, घर सांगितलं. पत्त्याबिगर कशी जाईन ते?"

मला हसू आलं आणि रागही आला. वाद वाढवायचा नव्हता म्हणून सांगून टाकलं — बडनेरा रोड, कमानीचा बंगला, समोर हिरवळ. आईनं सूप पाण्यात रिकामं केलं, आणि मला सासरी पाठवताना जो आवाज काढते त्याच आवाजात म्हणाली, "जाय माय. बडनेरा रोडले, कमानीच्या बंगल्यात. मांगं पाहू नको."

आता पहिली गोष्ट. नारळ पाण्यावर तरंगतो, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. तो नारळ दगडासारखा सरळ खाली गेला. मी स्वतःला सांगितलं, तडकलेला असेल, आत पाणी शिरलं असेल. केमिस्ट्रीवाली आहे ना मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीबरोबर केंद्रावर गेले. खड्ड्याचं पाणी जमिनीत झिरपतं का, हे पाहायला तिथं एक बोअर असते, नमुना तिच्यातून घ्यायचा. गेटजवळ एक टँकर उभा होता आणि बोअरभोवतीची जमीन ओली होती. मला तिथंच कळलं. स्वच्छ पाणी बोअरमध्ये ओतून ठेवायचं, वर येतं ते तेच. ही चलाखी आमच्या धंद्यात जुनी आहे. मी समितीच्या अध्यक्ष मॅडमना सांगणार, तोच गावंडे साहेब पुढे झाले.

"सुरू करा ना, मॅडम! अरे, तुम्ही तर ओळखीच्या. उकळून पिता की नाही मग?" आणि हसले. सगळ्यांसमोर.

मी सरळ पंप सुरू केला. पहिल्या धारेला पाणी स्वच्छ. गावंडे साहेब हाताची घडी घालून उभे. मग धार पिवळी झाली, मग लाल, आणि तोच जळक्या रबराचा वास... दोन जणांनी रुमाल नाकाला लावले.

इथपर्यंत काही चमत्कार नाही. वर ओतलेलं पाणी संपलं, खालचं आलं, असं कोणीही म्हणेल. मीही म्हटलं. पण अध्यक्ष मॅडमच्या हातावर थेंब उडाले होते. त्या हात धुवायला टँकरकडे गेल्या आणि नळ सोडला. टँकरमधूनही लालच पाणी आलं. तसंच, त्याच वासाचं.

"हे कुठून भरलं?" मॅडमनी विचारलं.

गावंडे साहेबांचा चेहरा उतरला होता. "सकाळी तर... सकाळी घरी मी स्वतः प्यायलो हे," एवढंच तोंडातून निघालं. आणि आपण काय बोलून बसलो ते कळून जीभ चावली. नुसतं हातपाय धुवायला अमरावतीहून, शंभर किलोमीटरवरून, पाणी कोण आणतं? गावातून टँकर भरला असता तर बोभाटा झाला असता, म्हणून पठ्ठ्यानं आपल्या घरच्या बोअरचं पाणी आणलं होतं!

दुसऱ्या खड्ड्याची परवानगी तिथंच अडकली. संध्याकाळी घरी आले तर आई विहिरीवर बादली सोडत होती. वर आलेलं पाणी काचेसारखं. मी ते बाटलीत भरून लॅबला नेलं, दोनदा तपासलं, मग सहकाऱ्याकडून तपासून घेतलं. काही नव्हतं त्यात. साधं, पिण्यालायक पाणी.

पुढच्या आठवड्यात गावंडे साहेब लॅबमध्ये आले. हातात पिशवी, पिशवीत बाटली. दाढी वाढलेली.

"मॅडम, घरचं पाणी आहे. जरा खासगीत तपासून देता का? नळाला हेच येतंय. फवारा मारला तर हिरवळ जळली."

तपासलं. माझ्याकडे आईच्या विहिरीचा जुना रिपोर्ट होता. शेजारी ठेवला. तेच धातू, त्याच प्रमाणात. जणू तीच बाटली दुसऱ्यांदा तपासली. आता यावर माझं शास्त्र काय म्हणतं ते ऐका — आमचा नाला वर्धा नदीकडे वाहतो आणि बडनेऱ्याकडचं पाणी पूर्णेकडे. जमिनीखालून ते एकमेकांना भेटायचा रस्ता नाही. मी सगळे नकाशे काढून पाहिले. नाही म्हणजे नाही.

"काय करायचं हो, मॅडम? घरात लहान नातू आहे."

मी काय म्हणाले असेन? वाईट वाटलं, माणुसकी जागी झाली, असं लिहिलं तर चांगलं दिसेल. पण खोटं होईल. मी म्हणाले, "तुमच्याकडच्या मातीतच लोह जास्त असेल. उकळून प्या."

नातवाला बाहेरून पाण्याचे जार येतात, हे मला त्यांच्या ड्रायव्हरकडून आधीच कळलं होतं. नसतं कळलं तर कदाचित नसते बोलले... कदाचित. पण बोलले, आणि त्या रात्री किती दिवसांनी शांत झोप लागली म्हणून सांगू!

त्यांनी नवी बोअर मारली, तिलाही तेच. बंगला सोडून बडनेऱ्यात भाड्यानं राहायला गेले. तिथला नळ पहिल्यांदा सोडला, तिथंही तेच. शेजाऱ्यांच्या नळाला मात्र स्वच्छ.

दिवाळीला मी माहेरी गेले. सकाळी आई मला उठवायला आली, डोळ्यांत पाणी.

"चाल, पाहाले चाल. आली माय."

विहिरीचं पाणी लाल होतं. तोच वास. मी दोन पावलं मागे सरकले. आई मात्र काठावर पणती लावत होती. "घाबरू नको वं. दिवाळीची माहेरी आली हाय. तू येत नाई काय? राहू दे तिले चार दिवस."

तेवढ्यात माझा फोन वाजला. गावंडे साहेब. आवाज आनंदानं फाटलेला. "मॅडम, आज पाणी साफ आलं! एकदम साफ!"

"माहेरपणाला आलीय ती," मी म्हणाले. "भाऊबीज झाली की परत पाठवणार आहोत."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आईच्या दारात. आई पायरीवर बसलेली होती, मी दारात. त्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे मला विशेष वाटलं.

"मावशी, आता नका पाठवू. पाया पडतो."

"मंग खड्डा उपसून न्या. नाला साफ करून द्या. बरी झाली का मंग ते माह्यापाशीच राहीन."

"ते माझ्या हातात नाही हो. मी नोकर माणूस. मालकांच्या हातात आहे सगळं. ते नागपूरला असतात."

आईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग लाडूची ताटली पुढे सरकवली.

"असं काय? मंग त्यायचा पत्ता देऊन जा."

ते ताटली तशीच ठेवून निघून गेले.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. नारळ का बुडाला, टँकर का नासला, दोन नद्यांच्या मधली जमीन ते पाणी कसं ओलांडून गेलं — मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणी भूजलाचं शिकलेलं असेल तर जरूर सांगा, मी पुराव्यानिशी बोलेन. चमत्कार असतात असं मी अजूनही म्हणत नाही.

पण भाऊबीजेच्या सकाळी माझ्या फोनवर मेसेज आला. नाव नाही, नमस्कार नाही. नुसता नागपूरचा पत्ता — कॉलनी, बंगल्याचा नंबर, अगदी गेटचा रंगसुद्धा.

मी तो आईला वाचून दाखवला. ती सुपात गहू निवडत होती, शेजारी नवा खण.

"मोठं घर हाय काय?" तिनं विचारलं.

"मोठं आहे म्हणतात."

"बरं झालं," आई म्हणाली, "जागा पुरन तिले."