मिस्त्रींचं कोळपं

उत्रोलीच्या मिस्त्रींना झाकून ठेवणं ठाऊकच नव्हतं. त्यांच्या वेल्डिंगच्या शेडला दार होतं, तेसुद्धा काढून त्यांनी त्याचं कामाचं टेबल केलं होतं. रस्त्यानं जाणारा कुणीही आत शिरायचा. मिस्त्री हातातलं काम त्याच्यापुढं धरून म्हणायचे, "बघा की. बघितल्यानं काय झिजतंय?"

माझं दुकान भोरच्या बाजारात. नवं काही करत असलो की मी त्यावर पोतं टाकायचो. पोत्याखाली डोकावायला कुणी यायचं नाही, मिस्त्रींच्या शेडपुढं मात्र गर्दी. मी जळायचो, दुसरं काय.

भाताच्या खाचरातलं तण काढायची कोळपी आम्ही दोघंही बनवायचो. वेल्ह्याकडची खाचरं अरुंद. बांधापाशी आलं की चिखलानं भरलेलं कोळपं उचलून वळवायचं, त्यात बायांची कंबर धरायची. मी दोन वर्षं त्यावर डोकं फोडत होतो. मिस्त्रींनी आठवड्याभरात मुठीपाशी एक चाप बसवला. तो दाबला की दात वर दुमडायचे आणि कोळपं अलगद फिरायचं. पासलीच्या एका खाचरात त्यांनी ते सगळ्या गावासमोर चालवून दाखवलं. मीही बांधावर होतो. लोक "लई भारी" म्हणत होते आणि मी चापाची मापं डोक्यात साठवत होतो.

दुसऱ्याच आठवड्यात मी पुण्याला पेटंटचं काम बघणाऱ्या वकीलबाईंकडे गेलो. हो, स्वतःच्या नावानं पेटंट घ्यायला.

"शोध तुमचाच ना?" त्यांनी विचारलं. "ज्यानं शोधलं त्याचंच नाव शोधकर्ता म्हणून लागतं."

"ज्यांनी शोधलं, त्यांना तरी मिळेल का?" हे मी का विचारलं, कुणास ठाऊक.

"अर्ज करण्याआधी कुणाला दाखवलंय?"

"अख्ख्या गावाला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग ते नवं राहिलं नाही. पेटंट नव्या गोष्टीलाच मिळतं. आता ते कुणीही बनवावं." तुमच्या दुकानाच्या नावाचा ट्रेडमार्क मात्र करता येईल, म्हणजे ते नाव दुसरा कुणी आपल्या मालावर घालणार नाही, असंही त्यांनी सांगितलं. तेवढा अर्ज मी करून आलो.

परतताना मुद्दाम उत्रोलीला उतरलो. मिस्त्रींना जरा झोंबावं म्हणून सगळं सांगून टाकलं, माझी चोरीसुद्धा. "दाखवत सुटलात आणि हक्क घालवलात तुमी," मी म्हणालो.

मिस्त्रींनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "मंग मला का न्हाई न्येलं शेठ? त्या बाईंनाबी म्या चालवून दावलं असतं."

अशा माणसाशी भांडायचीही सोय नसते.

मिस्त्री गेले त्याला दोन वर्षं झाली. आता ती कोळपी मी बनवतो. प्रत्येकाच्या दांड्याच्या नळीवर माझ्या दुकानाचं नाव ठोकलेलं असतं आणि नोंदणीचा कागद दुकानात काचेच्या चौकटीत आहे. गेल्या आषाढात पासलीच्या एक बाई आल्या. नळीवरच्या नावावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "हे कुणाचं?"

"माझं."

"असं व्हय." त्यांनी कोळपं परत भिंतीला टेकवलं. "मला मिस्त्रींचं पायजे."

माणूस मेला तरी त्याचा हेवा सुटत नाही, हे मला तेव्हा कळलं. आजही सुटलेला नाही. मी तेच कोळपं उचललं, चाप दाबून दात दुमडून दाखवले आणि त्यांच्या हातात दिलं.

"घ्या," मी म्हणालो. "मिस्त्रींचंच हाय हे."